राजकारण नको, पण नेमकं कुठलं?

८ फेब्रुवारी २०१९. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं सिंहावलोकनी प्रदर्शन उघडत होतं आणि अमोल पालेकर भाषणाला उभे होते. बोलता बोलता ते संग्रहालयाच्या कारभाराकडे वळले. मुंबई आणि बंगळुरू केंद्रांसाठी स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या असत, त्या मोडीत काढल्याचं कळतं, यापुढे कुणाचं प्रदर्शन भरवायचं हे दिल्लीतलं सांस्कृतिक मंत्रालय ठरवणार, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांना मध्येच अडवण्यात आलं. विषयाला धरून बोला, बरव्यांवर बोला. त्यानंतर जो वाद पेटला त्यात एक बाजू म्हणत होती की उद्घाटनाच्या समारंभात राजकारण आणायचं नसतं, औचित्य म्हणून काही असतं. दुसरी बाजू म्हणत होती की हा अभिव्यक्तीवरचा घाला आहे. दोघं हिरिरीनं भांडले. मात्र त्या समित्यांत कोण होतं, त्यांना अधिकार काय होते, त्या कुणी आणि कशासाठी मोडल्या, हे विचारायला जवळजवळ कुणी शिल्लक राहिलं नाही. अख्खा वाद पालेकरांच्या शिष्टाचारावर खर्ची पडला.

आपल्याकडे कला आणि राजकारण हा वाद कायम असाच होतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चित्रात, नाटकात, कवितेत राजकारण खुशाल यावं. ते आलं की कला म्हणून त्याची कसून झडती घ्यावी, विषय थोर आहे म्हणून एक गुणही वाढवून देऊ नये. हाकलून लावायचं राजकारण वेगळं आहे आणि ते वेगळ्या जागी बसलेलं आहे: निवड समितीत, परवान्याच्या टेबलावर, पुरस्काराच्या शासन निर्णयात. ‘कलेत राजकारण नको’ म्हणणारे बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. कॅनव्हासवरच्या राजकारणाचा त्यांना संताप येतो आणि टेबलावरचं त्यांना दिसतच नाही.

बरव्यांचं नाव या वादात ढालीसारखं वापरलं गेलं, म्हणून थोडं त्यांच्याबद्दलच बोलू. एखादं पान, घड्याळ, लिफाफा, कापलेलं फळ, आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. घोषणा नाही, मोर्चा नाही, कुणाचा पुतळा नाही. अराजकीय चित्रकार दाखवा असं कुणी म्हटलं तर बोट सहज त्यांच्याकडे जाईल. पण हे बरवे पोटासाठी काय करत होते? ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, आधी बनारसला आणि मग मुंबईत. स्वतंत्र भारताच्या सरकारनं गिरण्यांच्या रेट्यापुढे हातमाग जगवायचं ठरवलं, त्यासाठी ही केंद्रं काढली आणि तिथे नक्षीकामासाठी चित्रकार नेमले. अंबादास होते, के. जी. सुब्रमण्यन होते. बनारसच्या त्या वर्षांत बरव्यांचा तंत्रमार्गातल्या आकृतींशी परिचय झाला आणि त्यांचं चित्र बदललं. म्हणून बरव्यांचं चित्र हे हातमाग धोरणाचं चित्र आहे असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं बावळटपणाचं होईल. मला एवढंच दिसतं की इतकी अंतर्मुख कला ज्या निवाऱ्यात वाढली तो निवारा एका राजकीय निर्णयानं उभा राहिला होता. तो निवारा कोण चालवतो, कसा चालवतो, यावर बोलणं हे बरव्यांवर बोलणंच आहे.

आणि ‘शुद्ध’ कलेची आपली परंपरा तरी कशी तयार झाली? १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवलं. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांचा त्याला आश्रय होता. मराठी रंगभूमी दिन आपण त्याच प्रयोगाच्या आठवणीत पाळतो. त्यानंतर बारा वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतिराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे, म्हणजे मराठी ग्रंथांना सरकारी बक्षिसं देणाऱ्या समितीकडे, पाठवलं. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, लुटलं जाणारं ते कुटुंब आणि मध्ये मध्ये बोलणारा विदूषक, असं ते नाटक आहे. कमिटीनं ते नाकारलं. कमिटीतल्या भट सभासदांमुळे हे झालं असं फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त लिहून ठेवलं. ते नाटक छापलं गेलं १९७९ मध्ये. म्हणजे सव्वाशे वर्षं मराठी नाटकाचा इतिहास त्याच्यावाचून लिहिला, शिकवला आणि साजरा केला गेला. एका नाटकाला राजाश्रय मिळाला, दुसऱ्याला कमिटीनं परत पाठवलं. पुढच्या पिढ्यांना त्यातलं पहिलं ‘कला’ वाटलं आणि दुसरं ‘प्रचार’. पौराणिक नाटकात राजकारण नव्हतं असं आपण इतक्या सहज म्हणतो, कारण त्या नाटकातली जगाची मांडणी प्रेक्षागारात बसलेल्यांना आपल्या घरासारखी ओळखीची होती.

पुराणाच्या पांघरुणाखाली केवढं राजकारण मावतं हे इंग्रजांना मात्र चांगलं कळलं. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये आलं. त्यात व्हाइसरॉय कर्झनचं नाव कुठेही नाही. महाभारतातली कथा, पदरची पात्रं फारशी नाहीत. पण कीचक कोण, सैरंध्री कोण, सबुरीचा सल्ला देणारा धर्मराज कोण आणि दात-ओठ खाणारा भीम कोण, हे पिटातल्या प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. आता विचारतो: त्या काळात कुणी सभ्य गृहस्थानं खाडिलकरांना ‘नाटकात राजकारण आणू नका’ असं सांगितलं असतं, तर आज आपण त्याला रसिक म्हटलं असतं की सरकारधार्जिणा? आपल्या बाजूचं राजकारण जुनं झालं की त्याला आपण राष्ट्रभक्ती म्हणतो. दुसऱ्याचं नवं असलं की लगेच कलेचं पावित्र्य धोक्यात येतं.

इथवर मी सोप्या बाजूनं बोललो. समोरच्यांचे काही मुद्दे भक्कम आहेत आणि ते टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही.

पहिला आणि सगळ्यात खरा मुद्दा असा, की राजकीय कला बहुतेक वेळा कंटाळवाणी असते. हे मी मान्य करतो, खेदानं नव्हे, अगदी मनापासून. कुठल्याही मोठ्या समकालीन प्रदर्शनात जा. अंधाऱ्या खोलीत एक व्हिडिओ चालू असतो, कोपऱ्यात गंजलेल्या पत्र्यांचा ढीग असतो आणि बाहेर भिंतीवर चारशे शब्दांचा मजकूर असतो. विस्थापन, स्मृती, सत्ता, प्रतिकार. मजकूर काढून टाकला तर ढीग पुन्हा पत्र्यांचा होतो. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांतही हेच. शेतकऱ्याची आत्महत्या, मग दंगल, मग धरणग्रस्त. विषय भारी, शेवटी दोर आणि लाल दिवा, आणि टाळ्या न वाजवणं म्हणजे जणू शेतकऱ्याशी द्रोह. प्रेक्षकाला असं ओलीस धरणं मला अप्रामाणिक वाटतं. परीक्षकही विषयाला घाबरून गुण देतात, हे नाट्यवर्तुळात सगळ्यांना ठाऊक असतं.

पण या मुद्द्यातून निष्कर्ष काय काढायचा? प्रेमावरच्या कविता तर याहून जास्त संख्येनं वाईट असतात. दिवाळी अंकांमधल्या पावसाच्या कवितांची एकदा मोजदाद करावी. म्हणून ‘कवितेत प्रेम नको’ असं कुणी म्हणत नाही. वाईट कविता वाईट आहे, एवढंच म्हणतो आणि पान उलटतो. राजकारणाच्या बाबतीत मात्र फसलेल्या कलाकृतीचा गुन्हा विषयावर टाकला जातो. हा वेगळा न्याय का?

नामदेव ढसाळांचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे, कारण ते दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘गोलपिठा’ आला. कामाठीपुऱ्यातली बोली, शिव्या, रोग, भूक, कोशात नसलेले शब्द, आणि हे सगळं एका अशा लयीत की मराठी कवितेचा कानच बदलून गेला. तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिताना त्यातल्या काही शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घेतले होते. याच कवीनं आणीबाणीत इंदिरा गांधींची बाजू घेतली आणि १९७६ मध्ये ‘प्रियदर्शिनी’ लिहिलं. पुढे ते शिवसेनेच्याही जवळ गेले. आज ‘गोलपिठा’ वाचल्याशिवाय मराठी कवितेवर बोलता येत नाही आणि ‘प्रियदर्शिनी’ संशोधकांखेरीज कुणी उघडत नाही. दोन्हींत राजकारण ठासून भरलेलं आहे. मग फरक कशाचा? ‘गोलपिठा’त कवी जे पाहतो ते पाहायला त्याला नवी भाषा घडवावी लागली, जुनी पुरेना. ‘प्रियदर्शिनी’त उत्तर आधीच ठरलेलं होतं, भाषेला फक्त ते वाहून न्यायचं होतं. म्हणजे कवीचा पक्ष पाहून कवितेची किंमत ठरवणारे डावे आणि उजवे दोघेही इथे नापास होतात. आणि राजकारणामुळे कविता बुडते म्हणणारेही, कारण राजकारण वजा केलं तर ‘गोलपिठा’त उरतं काय?

राजकारण रचनेत कसं उतरतं हे पाहायचं तर ‘फँड्री’तला एक प्रसंग आठवा. कैकाडी कुटुंब गावातलं डुक्कर पकडायला धावतंय, सगळा गाव हसत बघतोय, डुक्कर हाताशी आलंय, आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जिथल्या तिथे ताठ उभे. डुक्कर मात्र चालू लागतं. मग दांडीला बांधलेलं ते डुक्कर खांद्यावर घेऊन घरची माणसं चालतात ती शाळेच्या भिंतीवरून, जिच्यावर फुले, आंबेडकर, सावित्रीबाई रंगवलेले आहेत. एकही संवाद नाही. नागरिक म्हणून आपल्याकडून काय मागितलं जातं आणि बदल्यात काय मिळतं, हे त्या काही सेकंदांत जसं कळतं तसं अग्रलेखातून कळत नाही. हा प्रसंग वगळून चित्रपट ‘शुद्ध’ करा म्हटलं, तर शाळकरी पोराच्या एकतर्फी प्रेमाची एक बरी गोष्ट उरेल. राजकारण इथे वरून शिंपडलेलं नाही, कॅमेरा कुठे उभा आहे त्यातच ते आहे.

चित्रकलेतही तसंच. प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे. घरच्या तीन पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या. त्यांची चित्रं बऱ्याचदा चित्रकाराच्या कोळशानं, म्हणजे चारकोलनं, कधी थेट भिंतीवर काढलेली असतात. डोक्याच्या जागी यंत्र किंवा दिवा उगवलेली माणसं, पोखरलेली जमीन, निम्मा पशू आणि निम्मं अवजार असलेले आकार. २०२१ मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार त्यांना इतर पाच जणांबरोबर विभागून मिळाला. इथे कोळसा हा विषयही आहे आणि रंगही. खाणीबद्दल बोलण्यासाठी खाणीची आठवण देणारा काळा कोळसाच हातात घेतला, की भिंतीवरच्या चारशे शब्दांची गरज आपोआप कमी होते.

दुसरा मुद्दा विसाव्याचा. विरार लोकलमध्ये दोन वेळा चेंगरून घरी आलेल्या माणसानं तिकीट काढून पुन्हा जगाचं ओझं का डोक्यावर घ्यावं? त्याला दोन घटका हसू द्या, गाणं ऐकू द्या. फडके-खांडेकरांच्या ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादापासून हा प्रश्न आपल्याकडे घोळतोय आणि ‘जीवनवादी’ मंडळींनी त्याला तुच्छतेनं वागवलं, हे त्यांचं चुकलंच. करमणूक मागणारा माणूस मूर्ख नसतो. पण अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा समोर बसलेला गिरणी कामगार यापेक्षा कमी दमलेला होता का? अण्णाभाऊंनी त्याला व्याख्यान दिलं नाही. तमाशाच दिला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन केलं, गवळण काढून टाकली, वग ठेवला, बतावणीची धमाल ठेवली. मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा तेच खेळ लोकनाट्य म्हणून उभे राहिले. आणि ‘माझी मैना’ ही छक्कड घ्या. पोटासाठी मुंबईत आलेल्या गड्याला गावी राहिलेल्या बायकोची आठवण येते, ती अगदी शृंगाराच्या अंगानं येते, आणि गाणं पुढे सरकतं तशी ती मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तोडला जाणारा मुलूख होते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात हे गाणं ऐकायला लोक जमत, ते राजकारण कळावं म्हणून की गाणं फक्कड होतं म्हणून? हे दोन वेगळे काढता येत नाहीत, यातच त्या गाण्याची ताकद आहे. विसावा आणि राजकारण यांचं हाडवैर आहे असं फक्त त्यांनाच वाटतं ज्यांनी वाईट राजकीय कला आणि वाईट करमणूक एवढंच पाहिलेलं आहे.

तिसरा मुद्दा दुखावण्याचा. ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिल्यांदा झालं तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं होतं की नाना फडणवीसांसारख्या मुत्सद्द्याला नाटककारानं बाईबाज म्हातारा करून टाकलं आणि एका जातीला सरसकट रंगवलं. यात तथ्य अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही. इतिहासातले नाना नाटकातल्या नानांहून कितीतरी गुंतागुंतीचे होते आणि प्रेक्षकाच्या मनात नाटकातलेच ठसतात, ही खरी हानी आहे. मात्र ते नाटक टिकलं ते नानांच्या बदनामीवर नाही. सत्ता आपल्या सोयीसाठी एक गुंड पाळते, तो डोईजड झाला की जमावापुढे फेकते आणि हात झटकून उत्सव जाहीर करते, ही यंत्रणा त्यात दिसते. आणि ती दिसते माणसांच्या पडद्यातून. रांगेत डोलणारे, भजन गाणारे ब्राह्मण पाठ फिरवून उभे राहतात आणि त्यांच्या आड जे व्हायचं ते होतं. तो पडदा कापडाचा असता तर नाटकाचा निम्मा अर्थ गेला असता. १९८० मध्ये हे नाटक युरोपात गेलं. बर्लिनच्या प्रेक्षकाला पुण्याची पेशवाई ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पाठ फिरवून गाणारी माणसं मात्र त्याला ओळखू आली असणार.

याच नाटकाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. पहिले १९ प्रयोग झाल्यावर ते कुठल्या सरकारनं थांबवलं नाही. ते करणाऱ्या संस्थेनंच थांबवलं. मग मंडळी बाहेर पडली, थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले. आपल्याकडे कलेचा गळा दरवेळी पोलीस धरत नाहीत. बऱ्याचदा आपलीच सभ्य माणसं, आपल्याच संस्थेच्या बैठकीत, औचित्याच्या नावानं हे काम उरकतात. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन करायला इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावून ऐनवेळी आमंत्रण मागे घेतलं गेलं, तेही आयोजकांनीच. त्या काय बोलणार होत्या हे मग सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलं आणि संमेलनात बोलल्या असत्या त्याच्या कितीतरी पट लोकांनी ते वाचलं. संयोजकांच्या या हिशेबाचं मला आजही आश्चर्य वाटतं.

पण मग माझ्या बाजूच्या लोकांचा एक आवडता युक्तिवाद आहे, तो मला तितकाच खटकतो. ‘सगळंच राजकीय असतं. मौनही राजकीय, फुलदाणीचं चित्रही राजकीय.’ ऐकायला झणझणीत वाटतं. पण सगळंच राजकीय असेल तर ‘राजकीय’ या शब्दानं काहीच वेगळं दाखवता येत नाही. निवडणुकीचं पोस्टर, ‘गोलपिठा’ आणि बरव्यांचं पान हे मग एकाच गोणीत. शिवाय हे वाक्य धोकादायक आहे. मंत्री हेच वाक्य उचलून म्हणू शकतो: सगळंच राजकीय आहे ना, मग तुमच्या समितीत आमची माणसं बसली तर काय बिघडलं? तुमचीही होतीच की. ‘सगळंच राजकीय’ म्हणणाऱ्याकडे याला उत्तर नाही. माझ्याकडे आहे, कारण कलाकृतीतलं राजकारण आणि कलेच्या दारावरचं राजकारण यांत मी फरक करतो. पहिल्यात एक माणूस आपलं म्हणणं मांडतो आणि प्रेक्षक उठून जाऊ शकतो. दुसऱ्यात प्रेक्षकापर्यंत काय पोचूच नये हे कुणीतरी आधीच ठरवून टाकतं.

अमूर्ताच्या आडोशाला गेलं की या सगळ्यातून सुटका होते, हा समजही इतिहासात टिकत नाही. १९३७ मध्ये म्युनिकला नाझींनी दोन प्रदर्शनं एकाच वेळी भरवली. एक ‘महान जर्मन कले’चं, दुसरं ‘अधःपतित कले’चं. दुसऱ्यात चित्रं वेडीवाकडी टांगून भिंतींवर त्यांची टवाळी करणारा मजकूर लिहिला होता. त्यातल्या कित्येक चित्रांत कसलीही घोषणा नव्हती, रंग आणि आकार एवढाच त्यांचा अपराध. दहा वर्षांनी अमेरिकेत परराष्ट्र खात्यानं परदेशात पाठवलेलं आधुनिक चित्रांचं प्रदर्शन साम्यवादी आणि देशविरोधी ठरवून १९४७ मध्ये परत बोलावलं गेलं. आणि पन्नासच्या दशकात त्याच देशानं अमूर्त चित्रकला हा आपल्या स्वातंत्र्याचा पुरावा म्हणून युरोपात मिरवली. आपल्याकडे मर्ढेकरांनी सौंदर्यशास्त्रात लयीचं तत्त्व मांडलं, कलेचे नियम कलेतच शोधले. त्यांच्याच कवितांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले ही गोष्ट निराळी. आपण राजकारणात पडलो नाही म्हणून राजकारण आपल्या वाटेला येणार नाही, असा करार कलावंताशी कुणी केलेला नाही.

राहता राहिला सरकारी पैशाचा मुद्दा. सरकारी दालनात, सरकारी अनुदानावर, सरकारलाच बोल का लावायचे? वरवर बिनतोड वाटतं. पण पैसा सरकारचा नसतो, तो आपला असतो, सरकार त्याचं तात्पुरतं कारभारी असतं. विद्यापीठं आणि न्यायालयंही त्याच पैशावर चालतात. १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना, कराडच्या साहित्य संमेलनाचे स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण होते, केंद्रातले मंत्री. त्याच संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी जाहीर प्रार्थना केली. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. त्या दिवशी ‘बाई, साहित्यावर बोला’ म्हणणाऱ्याची आज कुणी आठवण काढत नाही.

आता वर्तमानाकडे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं, माओवादी असल्याच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार शासन निर्णय काढून रद्द केला आणि ज्यांनी तो दिला होता ती समितीही रद्द केली. पुस्तक पटलं नाही तर त्याची चिरफाड करणारा लेख लिहिता आला असता, मीही तो आवडीनं वाचला असता. लेख कुणी लिहिला नाही, कागद निघाला. दक्षिणा प्राइझ कमिटीला निदान नकार द्यायला नाटक वाचावं लागलं असेल. त्याच वर्षीच्या गणेशोत्सवात कल्याणमधल्या एका मंडळानं पक्षनिष्ठेवर देखावा उभारला, तो पोलिसांनी उचलून नेला आणि मंडळाला उच्च न्यायालयात जावं लागलं. यावर आपले समीक्षक काही बोलले नाहीत, कारण देखाव्याला ते कला मानत नाहीत. पोलिसांनी तेवढा मान दिला. टिळकांच्या काळापासून मंडपातला देखावा हे मराठी माणसाचं सर्वात जास्त पाहिलं जाणारं राजकीय चित्र आहे आणि त्यावरचा वाद गॅलरीतल्या वादाइतकाच महत्त्वाचा आहे.

आणि नाटक. १८७६ चा ब्रिटिशांचा नाट्यप्रयोग कायदा संसदेनं अलीकडे मोडीत काढला. महाराष्ट्रात मात्र आजही नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते आणि प्रमाणपत्राशिवाय पडदा वर जात नाही. त्यामागे पोलीस कायद्याखालचे नियम आहेत. कादंबरीला हे लागू नाही, चित्रप्रदर्शनाला नाही, वर्तमानपत्राला नाही. २०१६ मध्ये पालेकरांनीच या पूर्वपरीक्षणाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ‘नाटकात राजकारण नको’ म्हणणाऱ्या रसिकांपैकी किती जण त्यांच्या बाजूनं उभे राहिले? नाटककाराच्या टेबलावर एक अदृश्य सदस्य बसलेला असतो आणि हे वाक्य पास होईल का, असं विचारत असतो, याइतकं राजकारण दुसरं कुठलं?

मंडळ एका रात्रीत जाणार नाही, हे मला कळतं. निर्मात्यांनाही त्याची एक सोय वाटते: प्रमाणपत्र हातात असलं की एखाद्या संघटनेनं प्रयोग अडवला तर दाखवायला कागद असतो. तो कागद प्रयोग वाचवत नाही, हे अनेकांनी अनुभवलं आहे, तरी भीतीपोटी तो हवासा वाटतो. तोवर एक गोष्ट मागता येईल आणि तिला कायदाही बदलावा लागणार नाही. मंडळानं ज्या संहितेतून जे शब्द, वाक्यं, प्रसंग काढायला लावले, ते त्या सदस्याच्या नावासह आणि कारणासह दर वर्षी छापावेत. काय कापलं, कुणी कापलं, का कापलं. एवढं समोर आलं की ज्यांना कलेत राजकारण नको आहे त्यांना विरोध करायला नेमकी जागा मिळेल.